लूव्रला नवं दार कशाला हवंय? काचेचा पिरॅमिड, खंदक आणि ३२ युरोंच्या तिकिटाची गोष्ट

१९ ऑक्टोबर २०२५, रविवारची सकाळ. पॅरिसचं लूव्र संग्रहालय उघडून अर्धा तास झाला होता. काचेच्या पिरॅमिडसमोर नेहमीप्रमाणे रांग होती. लोक तिकिटं दाखवत होते, बॅगा तपासून घेत होते. त्याच वेळी इमारतीच्या दुसऱ्या बाजूला, सीन नदीकडच्या रस्त्यावर एक ट्रक येऊन थांबला. घरसामान वरच्या मजल्यावर चढवायला वापरतात तशी यांत्रिक शिडी त्याच्यावर होती. चोर शिडीवरून बाल्कनीत पोहोचले, खिडकी कापून अपोलो दालनात शिरले आणि फ्रान्सच्या राजघराण्यांचे आठ दागिने घेऊन काही मिनिटांत स्कूटरवरून पसार झाले. दागिन्यांची किंमत ८ कोटी ८० लाख युरो सांगितली गेली.

या चोरीवर मीम्स भरपूर झाले, पण त्यातली एक गोष्ट नीट बघायला हवी. ज्या दारावर रोज हजारो पर्यटकांची झडती होते, त्या दाराकडे चोर फिरकलेच नाहीत.

ही गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण त्याच्या नऊ महिने आधीच फ्रान्सने लूव्रसाठी मोठी योजना जाहीर केली होती आणि त्या योजनेच्या केंद्रस्थानी आहे एक नवं दार. जगातल्या सगळ्यात गर्दीच्या संग्रहालयाला नव्या दाराची गरज का पडली? आणि एवढ्या पैशात आधी गळकं छप्पर दुरुस्त करा, असं लोक का म्हणतायत? समजून घेऊया.

नेमकं ठरलंय काय?

२८ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी थेट ‘मोनालिसा’च्या चित्रासमोर उभं राहून भाषण केलं आणि लूव्रच्या ‘नव्या पुनरुज्जीवना’ची घोषणा केली. त्यातल्या मुख्य गोष्टी तीन.

पहिली, संग्रहालयाच्या पूर्वेकडे नवं मोठं प्रवेशद्वार. ते २०३१ पर्यंत तयार करायचं उद्दिष्ट आहे. दुसरी, पूर्वेकडच्या चौकोनी चौकाच्या पोटात, म्हणजे जमिनीखाली नवी दालनं. मोनालिसाला तिथे स्वतंत्र जागा मिळेल आणि तिच्यासाठी वेगळं तिकीट असेल. तिसरी, जुन्या इमारतीची दुरुस्ती.

नव्या दारासाठी जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय वास्तुरचना स्पर्धा जाहीर झाली. शंभरहून जास्त संघांनी अर्ज केले आणि त्यातून पाच संघ पुढच्या फेरीसाठी निवडले गेले. त्यांना फक्त दाराचं चित्र काढायचं नाही. दारासमोरचा चौक, इमारतीला लागून असलेला खंदक, झाडं, चालण्याची वाट आणि शेजारच्या वस्तीशी या सगळ्याचा संबंध, हेही त्यांनाच सोडवायचं आहे.

पिरॅमिडच्या आधी दार कुठं होतं?

लूव्र मुळात संग्रहालय म्हणून बांधलेलंच नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे किल्ला उभा राहिला. पुढे त्याचा राजवाडा झाला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये त्यातला काही भाग लोकांसाठी संग्रहालय म्हणून खुला केला गेला.

किल्ला म्हणजे लोकांना बाहेर ठेवण्यासाठी केलेली रचना. राजवाड्यातही कोणाला किती आत येऊ द्यायचं, हे दारच ठरवतं. अशा वास्तूत लाखो लोकांना सहज आत घ्यायचं म्हणजे मूळ बांधणीच्या उलट काम करायचं.

१९८० पर्यंतची स्थिती तर आज सांगूनही पटणार नाही. इमारतीची एक अख्खी बाजू, म्हणजे रिशेल्यू विभाग, अर्थ मंत्रालयाच्या ताब्यात होती. आज जिथे लोक पिरॅमिडसोबत सेल्फी काढतात, तिथे सरकारी साहेबांच्या गाड्या लागायच्या. आत जायला एक ठळक वाट नव्हती. इमारत लांबच लांब, त्यामुळे माणूस एका टोकाला शिरला की दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पाय दुखायचे आणि वाटही चुकायची.

१९८१ मध्ये सत्तेवर आल्यावर फ्रान्स्वा मितराँ यांनी हा सगळा वाडा संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. मंत्रालयाची सोय बेर्सी भागात झाली. वास्तुरचनेचं काम चिनी वंशाचे अमेरिकन वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांना मिळालं, तेही स्पर्धा न घेता. यावरूनही तेव्हा बरीच टीका झाली होती.

पिरॅमिड म्हणजे नुसती काचेची शोभा नाही का?

नाही. पेई यांचं खरं काम जमिनीखाली आहे. त्यांनी चौकाच्या बरोबर मध्यभागी खाली एक मोठं दालन खोदलं. तिथून लूव्रच्या तिन्ही बाजूंना, म्हणजे दनाँ, स्युली आणि रिशेल्यू या विभागांना, वाटा काढल्या. तिकीट, सामानघर, पुस्तकांचं दुकान, स्वच्छतागृहं सगळं तिथे खाली नेलं. मधोमध उतरल्यामुळे कुठलाही विभाग फार लांब राहिला नाही.

आता एवढं मोठं तळघर म्हटलं की ते अंधारं आणि कोंदट वाटणार. म्हणून त्याच्यावर साधारण २१ मीटर उंचीचा काचेचा पिरॅमिड ठेवला. तो एकाच वेळी छप्पर आहे, खिडकी आहे आणि दारही. काच मुद्दाम जास्तीत जास्त पारदर्शक बनवून घेतली, कारण नेहमीच्या काचेत हिरवट झाक असते आणि तिच्यातून मागच्या राजवाड्याचे दगड वेगळ्याच रंगाचे दिसले असते.

विरोध प्रचंड झाला. जुन्या फ्रेंच राजवाड्यासमोर इजिप्तची समाधी कशाला, असा सवाल होता. मितराँ स्वतःला फेरो समजतात, अशी टिंगल झाली. पॅरिसचे तेव्हाचे महापौर ज्याक शिराक यांनी प्रत्यक्ष आकाराची प्रतिकृती उभारून दाखवा, असं सुचवलं. १९८५ मध्ये त्याच जागेवर केबल ताणून पिरॅमिडचा सांगाडा लोकांना दाखवला गेला. हजारो पॅरिसकर तो बघून गेले. शेवटी १९८९ मध्ये पिरॅमिड लोकांसाठी खुला झाला आणि काही वर्षांतच पॅरिसच्या पोस्टकार्डांवर आयफेल टॉवरच्या शेजारी जाऊन बसला.

मग बिघडलं कुठं?

पिरॅमिड फसला म्हणून नव्हे, तर जास्तच यशस्वी झाला म्हणून अडचण आली.

ही रचना वर्षाला साधारण ४० लाख लोकांसाठी केली होती. २०१८ मध्ये लूव्रला १ कोटीपेक्षा जास्त लोक आले. कोविडनंतर दिवसाला ३० हजारांची मर्यादा घातली गेली. तरीही २०२४ मधला आकडा ८७ लाखांचा आहे. म्हणजे मूळ अंदाजाच्या दुपटीहून जास्त.

सगळ्यांना एकाच मध्यबिंदूतून आत न्यायचं ही पेई यांच्या कल्पनेची ताकद होती. माणसं दुप्पट झाली आणि तीच कमजोरी ठरली. एका घड्याळाचा लंबक अडकला की सगळं घड्याळ थांबतं, तसं इथे मधलं दालन तुंबलं की अख्खं संग्रहालय तुंबतं. उन्हाळ्यात काचेखाली गरम होतं. हजारो लोकांच्या बोलण्याचा आवाज घुमत राहतो. लूव्रच्या तेव्हाच्या संचालक लॉरॉन्स दे कार यांनी संस्कृतिमंत्र्यांना पाठवलेलं एक टिपण जानेवारी २०२५ मध्ये फुटलं. त्यात या त्रासासोबत गळती, तापमानाचे चढउतार, खाण्यापिण्याच्या आणि स्वच्छतागृहांच्या अपुऱ्या सोयी यांचा पाढाच वाचला होता. मॅक्रॉन यांची घोषणा त्यानंतर काही दिवसांतच आली.

दुसरी कोंडी मोनालिसाची. चित्र जेमतेम ७७ सेंटीमीटर उंच, पण ते बघायला दिवसाला सुमारे २० हजार माणसं एका दालनात शिरतात. बहुतेक जण पिरॅमिडमधून उतरतात, बाणांच्या मागे मोनालिसापर्यंत जातात, फोन वर करून फोटो घेतात आणि परत त्याच वाटेने बाहेर. त्याच वेळी काही दालनं अशी असतात की तिथे सुरक्षारक्षकाशिवाय चिटपाखरू नसतं. म्हणजे प्रश्न लोक किती येतात एवढाच नाही. दार आणि एक चित्र मिळून सगळ्यांना एकाच वाटेवर ढकलतात.

१६ जून २०२५ रोजी याचा भडका उडाला. गर्दी आणि अपुऱ्या मनुष्यबळाला वैतागलेल्या कर्मचाऱ्यांनी अचानक काम थांबवलं. दार कित्येक तास उघडलं नाही आणि हजारो पर्यटक हातात तिकीट घेऊन पिरॅमिडच्या भोवती उन्हात ताटकळत बसले.

नवं दार पूर्वेलाच का?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. लूव्र पूर्व-पश्चिम पसरलेलं आहे. पिरॅमिड पश्चिमेकडच्या उघड्या बाजूला आहे, बागेच्या दिशेने. पूर्वेचं टोक मात्र शहराच्या जुन्या वस्तीला भिडतं. समोर साँ-जेर्मां-लोसेरवा हे जुनं चर्च आहे आणि थोडं पुढे सीनवरचा पाँ-नफ पूल.

याच टोकाला लूव्रचा सगळ्यात भारदस्त चेहरा आहे: जोडी-जोडीने उभ्या खांबांची लांब रांग. चौदाव्या लुईच्या काळात, १६६७ पासून पुढे ती बांधली गेली. क्लोद पेरो यांचं नाव तिला मिळालं. याच बाजूच्या रचनेसाठी आधी थेट रोमहून शिल्पकार बर्निनी यांना बोलावलं होतं, पण त्यांचे आराखडे बाजूला ठेवले गेले. गंमत म्हणजे एवढा दिमाखदार दर्शनी भाग उभा राहिला आणि राजाने बिऱ्हाड व्हर्सायला हलवलं. राजाच्या स्वागतासाठी केलेलं दार राजाच्या फारसं कामी आलंच नाही.

पुढे १९६० च्या दशकात संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांच्या काळात या खांबांच्या पायथ्याशी खंदक खोदला गेला. त्याने इमारत उठून दिसायला लागली, पण लोक दूर गेले. आज इथे मधल्या पुलावरून आतल्या चौकात जाता येतं. पर्यटकांची झुंबड मात्र पलीकडे पिरॅमिडपाशीच असते.

नव्या योजनेचा हिशेब असा: पूर्वेचं दार उघडलं की गर्दी दोन टोकांत विभागेल. मोनालिसाला तिकडे जमिनीखाली नेलं की फक्त तिच्यासाठी आलेले लोक बाकीच्या दालनांच्या वाटेत येणार नाहीत. आणि खंदक, जो आतापर्यंत फक्त अंतर ठेवायचं काम करत होता, तोच आत उतरण्याची वाट होऊ शकतो.

कागदावर हे पटतं, पण दोन अडचणी उघड आहेत. एक, या भागाच्या जमिनीखाली जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. पिरॅमिडच्या वेळच्या खोदकामात मध्ययुगीन खंदक आणि भिंती सापडल्या होत्या आणि आज त्या संग्रहालयातच बघायला मिळतात. दोन, दर्शनी भाग इतका महत्त्वाचा वारसा आहे की त्याच्यासमोर दुसरा पिरॅमिड उभारणं कोणालाच चालणार नाही. म्हणजे रोज हजारो लोकांना दिसेल असं दार हवं, पण ते इमारतीसमोर मिरवायलाही नको.

दाराबाहेरची जागा कुणाची?

संग्रहालय तिकिटाच्या खिडकीपाशी सुरू होतं, असं आपल्याला वाटतं. पण जे कधीच तिकीट काढणार नाहीत त्यांच्यासाठी संग्रहालय म्हणजे दारासमोरची जागाच असते. लूव्रच्या चौकात कोणीही फुकट फिरू शकतं. कारंज्याच्या कठड्यावर बसून डबा खाता येतो. रिव्होली रस्त्याकडून येणाऱ्या कमानीखालून जाताना काचेतून आतली शिल्पंही दिसतात.

पॅरिसमध्येच याचं आणखी मोठं उदाहरण आहे. पाँपिदू केंद्र बांधताना रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी मिळालेल्या जागेतला जवळजवळ अर्धा भाग मोकळा सोडला आणि तिथे उतरता चौक केला. १९७७ पासून तिथे गाणारे, चित्रं काढणारे, नुसते बसून राहणारे असे सगळे जमत आले. त्यातले कितीतरी जण आत कधी गेलेही नसतील, पण ती जागा त्यांची होती. हे केंद्रही २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालंय आणि ते २०३० मध्ये उघडायचं आहे.

गर्दी वाढली की आधी या फुकटच्या जागेवर गदा येते. रांगेसाठी कठडे लागतात, तपासणीसाठी तंबू लागतात, बसायची जागा थांबायची जागा होते. २०१७ मध्ये लूव्रच्या भूमिगत बाजारपेठेच्या दाराशी एका सैनिकावर हल्ला झाला होता, त्यामुळे तपासणी नको असं कोणी म्हणत नाही. पण पूर्वेकडचा चौक आज तुलनेने शांत आहे. नवं दार झालं की तिथेही रांगा, टूर बस आणि सेल्फी स्टिक विकणारे पोहोचतील. शेजाऱ्यांना झाडांची सावली मिळेल की फक्त गर्दी, हे चौकाच्या आराखड्यावर ठरणार आहे.

मग विरोध कशासाठी?

नव्या दाराची गरज फार कमी लोक नाकारतात. वाद आहे तो आधी काय आणि नंतर काय, याचा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्रान्सच्या लेखापरीक्षण संस्थेचा, म्हणजे आपल्याकडच्या कॅगसारख्या संस्थेचा अहवाल आला. त्याचा सूर कडक होता. लूव्रने गेल्या काही वर्षांत नजरेत भरणाऱ्या कामांना आणि नव्या कलावस्तूंच्या खरेदीला झुकतं माप दिलं, देखभाल आणि सुरक्षा मागे राहिली, असं त्यात म्हटलंय. २०२४ पर्यंत निम्म्याहून कमी दालनांत कॅमेरे होते. चोरी झाली त्या बाल्कनीच्या बाजूचा बाहेरचा कॅमेराही दुसऱ्याच दिशेला तोंड करून होता, हे दे कार यांनी सिनेटसमोर मान्य केलं.

त्याच महिन्यात तुळया कमकुवत झाल्याचं आढळल्याने कंपाना दालन बंद करावं लागलं. काही दिवसांनी पाण्याच्या गळतीत इजिप्त विभागाच्या ग्रंथालयातली शेकडो पुस्तकं भिजली. १५ डिसेंबरला कर्मचारी संपावर गेले आणि संग्रहालय बंद राहिलं. त्यांची मागणी सरळ होती: माणसं भरा आणि इमारत सांभाळा.

योजनेच्या बाजूनेही मुद्दा आहे. सरकार म्हणतं, दुरुस्ती आणि दार ही एकाच योजनेची दोन अंगं आहेत. गर्दी विभागली की इमारतीवरचा ताण कमी होईल. शिवाय छताच्या दुरुस्तीसाठी देणगीदार मिळत नाहीत, नव्या दारासाठी मिळतात. हे शेवटचं कटू असलं तरी खोटं नाही. पाइप बदलल्याची फीत कापायला कुठल्याच देशात नेता जात नाही.

पण याच योजनेत वर्षाला १ कोटी २० लाख लोकांचं स्वागत करण्याची भाषा आहे. गर्दीमुळे गुदमरलेल्या संग्रहालयावरचा उपाय आणखी गर्दीची तयारी करतोय. पिरॅमिडने हेच शिकवलं होतं: चांगलं दार आहे ती गर्दी सामावून घेतंच, शिवाय नवी गर्दी ओढूनही आणतं.

पैसे कोण भरणार?

सुरुवातीला खर्च ७० ते ८० कोटी युरो सांगितला जात होता. लेखापरीक्षण संस्थेच्या अंदाजाने तो १ अब्ज युरोंच्या पुढे जातो. बराचसा पैसा देणगीदार, ‘लूव्र’ हे नाव वापरायला दिल्याबद्दल अबुधाबीकडून येणारी रक्कम आणि तिकिटं यांतून उभा करायचा आहे.

आणि इथे आपला थेट संबंध येतो. १४ जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पर्यटकांसाठी लूव्रचं तिकीट २२ वरून ३२ युरो झालं. म्हणजे माणशी साधारण तीन ते साडेतीन हजार रुपये. २०२४ च्या आधी हेच तिकीट १७ युरोंना होतं. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे. तरी पुण्याहून गेलेल्या नवरा-बायकोला आता ४४ ऐवजी ६४ युरो मोजावे लागतात.

सरकारचं म्हणणं, फ्रेंच करदात्यावर भार नको. कर्मचारी संघटनांचा आक्षेप वेगळा आहे. लूव्रमध्ये इजिप्तच्या, मेसोपोटेमियाच्या, साऱ्या जगातल्या वस्तू आहेत आणि ते स्वतःला साऱ्या जगाचं संग्रहालय म्हणवतं. मग कैरोहून आलेल्या माणसाने आपल्याच पूर्वजांच्या मूर्ती बघायला पॅरिसकरापेक्षा जास्त पैसे का द्यायचे? वास्तुरचनाकार कितीही रुंद दार आखो, ते कोणासाठी किती उघडतं हे तिकिटाचा दरही ठरवतो.

मग या दाराकडे बघायचं कसं?

पुढच्या काही वर्षांत या दाराची चकचकीत चित्रं फीडवर येत राहतील. त्यात आभाळ निळं असेल, झाडं हिरवी असतील आणि रांग दिसणारच नाही. ती चित्रं बघताना तीन गोष्टी शोधा. दारासमोर तिकीट नसलेल्या माणसाला बसायला जागा आहे का? व्हीलचेअरवरचा माणूस आणि बाबागाडी घेतलेली आई बाकीच्यांसोबत त्याच वाटेने आत जातात, की त्यांना वेगळ्या कोपऱ्यातून जावं लागतं? आणि दाराच्या खर्चाशेजारी छप्पर, तुळया आणि पहारेकऱ्यांच्या खर्चाचा आकडा दिलाय का?

पेई यांनी राजवाड्याला लोकांसाठी दार दिलं आणि लोक खरोखर आले. नवं दार झालं की आणखी येतील, यात फारशी शंका नाही. प्रश्न आहे तो ते आत आल्यावर छत गळत नसेल ना, आणि नदीकडच्या खिडकीवर कोणाचं तरी लक्ष असेल ना, याचा.